टोबियाच्या कुत्र्याची शेपटी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी तुमची जुनी विद्यार्थिनी. माहेर वसईतल्या निर्मळजवळचं, गेली नऊ वर्षं पेन्सिल्वेनियात आहे. मुलगी अकराची, मुलगा आठचा, धाकटी चारची. दोन वर्षांपासून आम्ही मुलांना घरीच शिकवतो. ज्या चर्चला जातो तिथं मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये होते आणि निम्म्याहून जास्त कुटुंबं आमच्यासारखीच घरी शिकवणारी आहेत. सगळे जीव लावतात. पण पुस्तकांच्या बाबतीत माझा गोंधळ झालाय. मैत्रिणींनी चौदा पानांची यादी दिली. त्यात बहुतेक १९६५च्या आधीची पुस्तकं. बिगरकॅथलिक लेखक चौदा वर्षांपर्यंत नकोतच, असं त्यांचं मत.

आता अडचणी. एक, मुलीला हॅरी पॉटर हवाय, लायब्ररीत गेलो की त्याच कपाटाशी उभी राहते. दोन, यादीतल्या एका जुन्या संतचरित्रात आपल्याकडच्या लोकांचं वर्णन 'अंधारात चाचपडणारे मूर्तिपूजक' असं आहे. ते वाचून मुलीनं विचारलं, "आजीकडे गणपतीला मोदक पाठवतात त्या शेजारच्या काकू अंधारात आहेत का?" मला काही बोलता आलं नाही. तीन, आईनं वसईहून 'श्यामची आई' आणि 'स्मृतिचित्रे' पाठवलीत. एक हिंदू, एक प्रॉटेस्टंट. ती द्यायची की माळ्यावर ठेवायची? आणि चौथी अडचण म्हणजे मुलगा. तो काहीच ऐकत नाही. त्याला फक्त कुत्री आवडतात.

उत्तर : बाय, ग्रंथालयाच्या तासाला तू खिडकीशी बसून पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचीस आणि बाहेरच्या केळी मोजायचीस. तेव्हा मुलाची फार काळजी करू नकोस. त्याच्यावर शेवटी येते.

आधी ती यादी. याद्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, कारण एकतीस वर्षं मीही शाळेत त्याच करत होते. तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. १९८४ साली ग्रंथालयातली एक कादंबरी मी काढून कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. त्यात एक बाई बाळंतपणात दगावते, ते प्रकरण सातवीच्या मुलींना नको, असं मला वाटलं. मुलींनी स्टेशनजवळच्या वाचनालयातून तीच कादंबरी आणली आणि एकीकडून दुसरीकडे अशी वर्गभर फिरवली. दहा वर्षांनी त्यांतली एक लग्नाची पत्रिका द्यायला घरी आली. चहा पिता पिता खाली बघून म्हणाली, "बाई, त्या पुस्तकातल्यासारख्या खरंच मरतात का हो?" दहा वर्षं तो प्रश्न तिनं पोटात ठेवला होता. मला विचारायची सोय नव्हती, कुलूप मीच घातलं होतं ना.

तुझ्या मैत्रिणींची यादी माझ्या त्या कपाटासारखी आहे असं मी म्हणत नाही. त्यात चांगली पुस्तकं असणार. १९५५ साली अमेरिकेत 'व्हिजन बुक्स' नावाची संतचरित्रांची मालिका सुरू झाली. ती मुलांसाठी गोष्टीसारखी लिहिलेली होती आणि आता इग्नेशियस प्रेसनं पुन्हा छापली आहे. माझ्या एका भाचीनं त्यातली दोन आणून दिली, मी बसल्या बैठकीला संपवली. फक्त ही यादी कुणी, कधी आणि कुणाच्या मुलांसाठी केली, हे विचारून घे. १९५५च्या अमेरिकेतल्या चर्चच्या शाळेतला मुलगा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं पुस्तक निर्मळच्या नातीच्या हातात पडलं, तर कुठेतरी खडा लागणारच.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. मुलांनी काय वाचावं याची यादी चर्चनं काढलेली नाही. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादी १५५९ साली निघाली आणि १९६६ साली तिचा अंमल संपला, पण तीही लहान मुलांचा विचार करून केलेली नव्हती. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'निहिल ऑब्स्टॅट' आणि 'इंप्रिमातुर' छापलेलं असतं, त्यावरून काही आया पुस्तक पास-नापास करतात असं ऐकते. पहिल्याचा अर्थ 'हरकत नाही', दुसऱ्याचा 'छापायला परवानगी'. श्रद्धेच्या आणि नीतीच्या बाबतीत यात चूक सापडली नाही, इतकंच ते सांगतं. पुस्तक चांगलं लिहिलंय का, आठ वर्षांच्या पोराला झेपेल का, याबद्दल त्यात अक्षर नाही. धर्मशिक्षणाचं पुस्तक घेशील तेव्हा ते जरूर बघ, तिथं ती मान्यता लागतेच. कुत्र्यामांजरांच्या गोष्टीवर शोधत बसू नकोस.

हॅरी पॉटर. सात भाग, १९९७ ते २००७. पहिले चार मी वाचलेत, चौथ्यात एक मुलगा मरतो तिथं थांबले. माझं मत विचारशील तर या वर्षी नको. जादू हे कारण नाही. तुझ्या त्याच मैत्रिणी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचा जादूगार आनंदानं मुलांच्या हाती देतात, लेखक कॅथलिक होता म्हणून. जादूगार दोन्हीकडे आहेत. माझं कारण घरगुती आहे. मोठी वाचायला लागली की आठ वर्षांचा टेबलाखाली बसून ऐकणार, आणि पुढचे भाग त्याच्या वयाचे नाहीत. ती तेराची झाली की दे, आणि दर भाग आधी तू वाच. तोवर नाही म्हण, पण आपल्या नावावर म्हण. "चर्चला चालत नाही" असं सांगू नकोस. ते खरं नाही, आणि पंधराव्या वर्षी तिला ते कळलं की तुझ्या बाकीच्या शब्दांवरही ती शंका घेईल.

आता मोदकांच्या काकू. तुझ्या पत्रातला हा भाग मी तीनदा वाचला.

ते पुस्तक कोणतं ते तू लिहिलं नाहीस. संत फ्रान्सिस झेवियरचं असावं असा माझा अंदाज. तेच असेल तर फेकू नकोस, तिला शेजारी घेऊन मोठ्यानं वाच. झेवियर ६ मे १५४२ला गोव्यात उतरला. तिथं हातात घंटा घेऊन रस्त्यानं वाजवत जायचा आणि मागं पोरं गोळा करायचा, धर्मशिक्षणाला. तिथं थांब आणि मुलीला विचार, "या चित्रात तू कुठं आहेस?" पुस्तक लिहिणारा होडीतून बघतो. किनारा त्याला लांबून दिसतो, म्हणून अंधारा दिसतो. तुझी मुलगी होडीत नाहीच. ती घंटेमागं धावणाऱ्या पोरांत आहे, आणि त्या पोरांच्या शेजारच्या घरात मोदक होत होते. तिला हे समजेल, अकरा वर्षांची आहे. आणि काकूंबद्दल विचारलंन तर साधं उत्तर दे : काकू देवाला हाक मारतात, आपणही मारतो, आपली प्रार्थना वेगळी आहे आणि ती का वेगळी ते मी तुला शिकवते. दुसऱ्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली लिहून ठेवलंय, हिंदू धर्माचं नाव घेऊन.

१९६५ म्हटल्यावर मैत्रिणी नाक मुरडतील? मग त्यांना १६१६ सांग. फादर थॉमस स्टीफन्स, जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं काढून घेतली होती. त्यांतला एक जण त्याला म्हणाला, आमची पुराणं गेली, आता वेळ घालवायला, ऐकायला काय? असं त्यानंच लिहून ठेवलंय. हा माणूस घरी गेला आणि त्यानं दहा हजारांवर ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, मराठीत, ज्ञानोबांच्या छंदात. ते १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं. काढून घेतलं तिथं काय ठेवायचं, हा तुझाच प्रश्न, चारशे वर्षांपूर्वीचा. ते आख्खं मुलांना वाचायला देऊ नकोस, भाषा जुनी आहे, मलाही अडखळायला होतं. पण मराठीच्या थोरवीच्या आठदहा ओव्या पाठ करून घे. त्यात तो म्हणतो, फुलांमध्ये मोगरी तशी भाषांमध्ये मराठी. तुझे आजोबा पहाटेच्या गाडीनं मोगरा दादरला न्यायचे ना? हेही सांग. पाठांतर तसंही तुमच्याकडे चालतं. बाल्टिमोर कॅटेकिझम या अमेरिकन धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली प्रश्नोत्तरं मुलं घोकतच असतील, १८८५ सालची. घोकू देत. आम्हीही प्रश्नोत्तरीच घोकली, आणि ती लॅटिनमधल्या मिस्सेला, फादरांची पाठ बघत. दहाएक वर्षांची होते तेव्हा फादर आमच्याकडे तोंड करून मराठीत बोलायला लागले. पहिल्या दिवशी आजी घरी येऊन म्हणाली, "आज मला सगळं कळलं, आता मन कुठं भटकवू?" तुझ्या लॅटिनचं मला वाईट वाटत नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. द्यायचंच. पण पहिल्याच रात्री तू अडखळशील, म्हणून आधी सांगते. पहिल्या रात्रीची गोष्ट सावित्रीव्रताची. आई तापानं पडलेली असते. वडाला तिच्याऐवजी प्रदक्षिणा घालायला ती श्यामला पाठवते. त्याला लाज वाटते, बाकीची मुलं हसतील म्हणून. आई म्हणते, देवाचं काम करताना कसली लाज, लाजावं ते पाप करताना. हे वाचून झालं की पुस्तक मिटून मुलीला विचार : हॉटेलात जेवणाआधी क्रूसाची खूण करताना तू इकडेतिकडे बघतेस का? तुझ्याकडचं मला माहीत नाही, माझा नातू बघतो. दुसरीकडे एक अंघोळीचा प्रसंग आहे. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो. पायाला जपतोस तसा मनाला जप, असं आई सांगते. पापनिवेदनाआधीची विवेकतपासणी मुलांना शिकवताना मी याहून सोपं काही वापरलेलं नाही. वडाचं काय करायचं? तिला सांग, श्यामची आई हिंदू होती, तिचं व्रत तिचं. आपण वडाला फेऱ्या घालत नाही. इतकं पुरतं. मुलांना आपण समजतो त्याहून कमी गोंधळ होतो.

एक तक्रार मात्र आहे. पुस्तक रडवतं, आणि सलग वाचलं तर रडण्याची चटक लागते. रात्री एकच. बेचाळीस रात्री आहेत. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सुरू केलंस आणि एकही रात्र चुकवली नाहीस तर ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या मंगळवारी संपतं. मी दोनदा करून पाहिलंय. दुसऱ्या वर्षी वीज गेल्यामुळे एक दिवस उशीर झाला.

'स्मृतिचित्रे' सध्या तूच वाच. लक्ष्मीबाई टिळकांसारखं मराठी नंतर कुणी लिहिलं का, मला शंका आहे. मुलांना त्यातले विनोदी प्रसंग वाचून दाखव, त्यांच्या सासऱ्यांच्या तऱ्हा, त्यांचे यजमान कवी टिळक यांचं विसरभोळेपण. पण १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवराबायकोची ताटातूट झाली, ती पानं अकरा वर्षांच्या मुलीला जड जातील. ती चौदाची झाली की हातात दे आणि बाजूला हो. टिळक प्रॉटेस्टंट होते, हे तिला सरळ सांग. मैत्रिणींनी फारच ताणलं तर हसत विचार : मुलानं वाचलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, ही रीत तुम्ही सगळ्याजणी वापरता, ती कुणाची? शार्लट मेसन नावाच्या इंग्रज बाईंची, आणि त्या अँग्लिकन पंथाच्या होत्या. हसत विचार हं. त्या बायका तुझ्या बाळंतपणात डबे देणाऱ्या आहेत.

तुमच्या राज्यात मुलांनी काय वाचलं त्याची पुस्तकांच्या नावांसह नोंदवही ठेवावी लागते, कायद्यानं. तिच्यात मराठी पुस्तकंही लिही आणि समोर एका ओळीत पुस्तक कशाबद्दल आहे ते लिही. वर्षाअखेरी तपासायला येणाऱ्या शिक्षकांना दोन वाक्यांत समजावून सांगता आलं पाहिजे. निदान तुला तरी ते वाक्य लिहिताना कळेल की पुस्तक का घेतलं होतं.

आता कुत्रा. घरात बायबल कोणतं आहे बघ. आपल्यात त्र्याहत्तर ग्रंथ, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये साधारणपणे सहासष्ट. मधल्या सातांत टोबित हा ग्रंथ आहे. दुकानातून आणलेल्या मुलांच्या बायबलमध्ये तो नसेल, तर मोठ्या बायबलमधूनच वाच. आंधळा झालेला बाप, पैसे आणायला दूरदेशी निघालेला मुलगा टोबिया, वाटाड्या म्हणून आलेला राफाएल देवदूत, ज्याला कुणी ओळखत नाही, नदीतून झेप घेणारा मासा. आणि त्यांच्या मागोमाग निघालेला कुत्रा. तो का निघाला, काही सांगितलेलं नाही.

तुमच्या घरी डुए-रीम्स, म्हणजे लॅटिनवरून केलेलं जुनं इंग्रजी भाषांतर असणार, लॅटिनवाल्यांकडे असतंच. त्यात अकराव्या अध्यायात बघ. टोबिया परत येतो तेव्हा कुत्रा पुढं धावत घरी पोचतो, जणू निरोप्याच, आणि आनंदानं शेपटी हलवतो. ग्रीकवरून केलेल्या नव्या भाषांतरांत कुत्रा नुसता बरोबर चालत येतो, शेपटी नाही. जुन्या लॅटिनमध्ये ती आहे. तुझ्या आठ वर्षांच्या मुलाला दोन्ही बायबलं समोर ठेवून शेपटी शोधायला लाव. बोट ठेवून ओळी बघत बसेल. मी माझ्या नातवाला लावलं होतं, दुपारभर आवाज नव्हता. शेपटी सापडल्यावर त्यानं मला विचारलं, "दुसऱ्या पुस्तकातून ती कुणी कापली?" मग बायबल लॅटिनमध्ये आणणारा जेरोम, लॅटिन, ग्रीक, सगळं त्याच दुपारी झालं, मी न ठरवता.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात मी तिसरी-चौथीच्या मुलांना रविवारचं धर्मशिक्षण देते. संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट सांगायची आहे. हौतात्म्याचा भाग किती सांगावा? मागच्या वर्षी एक मुलगी रात्री झोपली नाही म्हणून पालक रागावले होते. (एक धर्मशिक्षिका, वसई)

उत्तर : पालक रागावले ते बरं झालं, मुलगी घरी बोलली म्हणायचं. जादूटोण्याच्या पुस्तकांना घाबरणारे आपण भाजलेल्या, सोललेल्या हुतात्म्यांची चित्रं चौथीच्या पोरांना बिनदिक्कत दाखवतो. पुस्तकावर संताचं नाव असलं की आपली चाळणी बंद पडते.

गोन्सालोची गोष्ट आपण उलटीकडून सांगतो, क्रूसापासून. पुढून सांगा. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला पोरगा, पंधराएक वर्षांचा असताना जेझुइट फादरांबरोबर जपानला जातो. भाषा अशी शिकतो की जपानी लोक खूष होतात. पुढे व्यापारी होतो, चांगला पैसा मिळवतो. मग सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर होतो. फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात गेलं, तेव्हा दुभाष्या आपला वसईकर होता. मुलांना हे आवडतं. वर्गात दोन मुलांना फक्त कादोडी, आपली वसईची बोली, बोलायला लावा, दोघांना फक्त इंग्रजी, आणि एकाला मधे उभं करा. दुभाष्याचं काम काय असतं ते दहा मिनिटांत कळतं.

शेवट लपवू नका. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकी, सव्वीस जण, त्यांत तीन मुलगे बारा ते चौदा वर्षांचे. १८६२ साली संतपद. ते क्रूसावर मरण पावले, हे सांगा आणि पुढं जा. त्याआधी क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. कानाचं सांगितलंत तर मुलं आपापला डावा कान चाचपून बघतात, मी पाहिलंय, आणि मग चालण्याबद्दल विचारतात, चपला होत्या का, जेवायला काय होतं. क्रूसावर भाल्यांनी भोसकलं, ते आठवीपर्यंत राहू द्या. आणि त्या मुलीला यंदा दुभाष्या करा.